नकाशावरचा मोकळा समुद्र

बा, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि आज मी समुद्रतळातली आपली मासळीची घळ साहेबांना नकाशावर दाखवून आले.

भर समुद्रात वाऱ्यावर फिरणारे पंखे उभारून वीज करणार आहेत. ती किनाऱ्यावर आणणारी जाड केबल आपल्या गावासमोरून तळात गाडायची आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांना जाळं टाकायला कायमची बंदी. मी त्याच सर्वेक्षणाच्या ऑफिसात नोकरी करते. नाक मुरडू नकोस. समुद्र तापतोय, मासळी दूर चाललीय, तेव्हा ही वीज यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. फक्त त्यापायी कोणाचं काय जाणार, हे ऑफिसात बसून कळत नाही.

गेल्या महिन्यात शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. साहेबांनी नकाशा पसरला आणि अगदी नरमाईने विचारलं, "तुम्ही मासे नक्की कुठे पकडता? दाखवा, आपण लाइन वळवू." कोणी हलेना. प्रत्येक घराची जागा वेगळी, बापाने मुलाला कानात सांगितलेली. ती चारचौघांत कोण बोलणार? तुझी होडी आता दादा चालवतो. तो म्हणाला, "सगळीकडंच जाताव आमी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी लिहून घेतलं, ठरावीक जागा नाही.

मी पेन धरून शेजारीच बसले होते. आठ वर्षांची असताना तुझ्याबरोबर होडीत आले होते, आठवतं? देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत आला आणि बुरूज माडाआड गेला की खाली आपली घळ, हे मी दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात मोठ्याने सांगत सुटले. तू सगळ्यांदेखत माझ्या मुस्काटात दिलीस. "घरची जागा भायेर सांगतंस? उंद्या खाशील काय?" मग आठ दिवस बोलला नाहीस. माझा तो राग अजून गेलेला नाही, बा. तरी सभेत तोंड उघडलं नाही, ते तुझ्याच धाकाने.

काल आखलेली लाइन हातात आली. सरळ घळीवरून जाते. तिथला तळ मऊ, गाडायला सोपा. थंडीत दादाला महागडी घोळ मासळी तिथेच मिळते, त्यावर घर चालतं. बाहेर लावलेला नकाशा पाहून तो ऑफिसच्या दारात आला.

"तुला ठावं व्हतं ना? मंग बोलली का न्हाय?"

"तू का नाही बोललास?" मी ओरडलेच.

तो पायरीवर बसला. "समोर शेजारचं काका व्हतं. कसा बोलू?"

हरकत घ्यायचा आज शेवटचा दिवस होता. सकाळी मी नकाशावर बोट ठेवलं. साहेबांनी संगणकावर लाइन थोडी दक्षिणेला सरकवली आणि खूश होऊन म्हणाले, "सुटला प्रश्न. इथे कोणीच नाही ना?" दुपारी दादाने पापलेटं पाठवली. वहिनीचा फोन आला, ती आनंदाने रडत होती.

हे पत्र कुठे टाकणार? दादाच्या हाती लागायला नको म्हणून घरातही ठेवणार नाही. आठ वर्षांची असताना तुझ्याबरोबर आले होते, त्या दिवशी परत येताना तू होडीतून आणखी एक जागा दाखवली होतीस. "ही शेजारच्या काकांची. इथं आपुन जाळं टाकायचा न्हाय." सरकवलेली लाइन बरोबर तिच्यावरून जाते. साहेबांनी विचारलं तेव्हा मला ते ठाऊक होतं, बा. मी "नाही" म्हटलं.