तोंड न बघता दिलेलं नाव

गुरुजी, बाप असूनही तुम्हाला मी कधी बाबा म्हटलं नाही. अख्खी वाडी गुरुजी म्हणायची, म्हणून मीही म्हणत गेले. आता तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर नवी हाक कुठून आणू? सांगायचं आहे ते घाण आहे. गेला आठवडाभर ताट वाढून घेते आणि तसंच झाकून ठेवते. डॉक्टर म्हणतात पित्त आहे. पित्तबित्त काही नाही, माझी मलाच शिसारी आली आहे.

तुमच्या माघारी मी रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ लेबलांचं आणि पाट्यांचं दुकान टाकलं. आंब्याच्या पेट्या, कोकम सरबत, पर्यटकांसाठी उघडलेल्या खोल्या, सगळ्यांना मी नावं देते. लोक म्हणतात, हिच्यात गुरुजींचा गुण उतरलाय. ते ऐकायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण सरबताला नाव द्यायचं तरी मी आधी ते चाखून बघते. ती सवय तुमची. जूनमध्ये शाळा उघडली की आपल्या पडवीत बायका पोरं घेऊन बसायच्या. घरात त्या पोरांना दगड, कचरा, कोळसा असल्या नावांनी हाक मारलेली. काही नावं दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली, काही वरच्या आळीने चिकटवलेली. रजिस्टरात चढवायच्या आधी तुम्ही त्यांना धड नाव द्यायचात. पण मूल समोर उभं राहिल्याशिवाय कधीच नाही. हनुवटी वर करून तोंड बघायचात, दोन प्रश्न विचारायचात. मग आईला अंगणाच्या कडेला उभी करायचात आणि समोरच्या कातळाच्या सड्याकडे बघून नव्या नावाने मोठ्याने हाक मारायला लावायचात. हाक मारताना तिचा आवाज बारीक झाला, तर ते नाव बाद. पोटातल्या मुलासाठी नाव मागायला कोणी आलं, तर तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवायचात. ते मी दहा वर्षांची असल्यापासून बघत आले, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

दहा वर्षांची म्हटलं आणि तो दिवस आलाच. शेजारच्या काकीला सातवा महिना आहे. पहिलं बाळंतपण, नवरा मुंबईला गिरणीत. ती आपल्या चुलीपाशी येऊन बसते आणि मी शहाणी तिला एक नाव सांगते. तुमच्या पुस्तकांतून मीच हुडकलेलं, मुलीचं, चार अक्षरी; कुणी दिलं ते ती विचारत नाही, मीही सांगत नाही. तिला ते इतकं आवडतं की ती पोटावर हात ठेवून त्या नावाने बोलायला लागते, विहिरीवर, शेतात, आपल्या पडवीतसुद्धा. मुलगी झाली ती रडलीच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. आई मासे साफ करत होती, तिने हात थांबवला. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. म्हणालात, "तोंड बघितल्याशिवाय नाव द्यायचं नसतं. तू दिलंस. आता ती नाव घेऊन रडणार." आणि खरंच, भिंतीपलीकडून काकी ते नाव घेऊन रडत होती. मग तुम्ही नावांची वही काढलीत, शेवटच्या पानावर ते नाव लिहिलंत, खाली रेघ मारलीत आणि मला म्हणालात, "हे आता तिचं झालं. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही." पुढे वाडीत कितीतरी मुली झाल्या. तुम्ही ते नाव एकीलाही दिलं नाहीत.

आता या वर्षीचं ऐका. मार्चमध्ये धाकट्या काकांचा मुलगा मुंबईहून आला. त्याची हनुवटीही तुम्हीच वर केली होती. आता चाळिशीचा आहे, पोट सुटलंय. बरोबर पांढरे बूट घातलेले दोघे भागीदार. त्यांनी मला भाट्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात जेवायला नेलं. म्हणाले, ताई, आम्ही नवीन क्रिप्टो काढतोय, त्याला नाव पाहिजे, असं की जगात दुसऱ्या कशाचं नसेल. मी म्हटलं, आधी वस्तू दाखवा. तर तिघे एकमेकांकडे बघून हसले. वस्तू नसते म्हणे, मोबाईलमधलं नाणं असतं, हातात घेता येत नाही. मग ते चालतं कशावर, विचारलं, तर आपला पठ्ठ्या म्हणतो विश्वासावर, आणि पुन्हा हसले. तुम्हाला कळावं म्हणून सांगते, गुरुजी: लोक खरे पैसे देतात आणि बदल्यात मोबाईलवर एक नाव आणि एक आकडा दिसतो. बास. मी एकेक नाव सुचवत होते आणि तो मांडीवरच्या लॅपटॉपवर शोधून मान हलवत होता. आंबा, फणस, बांगडा, कुत्री, मांजरं, चंद्र, कशाकशाच्या नावाने जगात कोणी ना कोणी आधीच नाणं काढून बसलेलं. एवढ्या नाण्यांतून कोणाच्या घरी शेरभर तांदूळ तरी आला का, देव जाणे. मग पांढऱ्या बुटांतला एक दात कोरत म्हणाला, नाव जरा पाली भाषेतलं वाटेल असं बघा, तुमच्या लोकांना आपलं वाटलं पाहिजे, पहिलं गिऱ्हाईक तुमच्याच वाडीतलं. काडीला लागलेला सुरमईचा तुकडा त्याने बघितला आणि परत तोंडात घातला. तिथेच माझं जेवण संपलं.

तिथेच उठायला हवं होतं. मी उठले नाही. तीन दिवस ते दुकानात येऊन बसत होते आणि माझं प्रत्येक नाव बाद होत होतं. मला राग त्यांचा यायला हवा होता, आला माझाच, म्हणजे बघा. चौथ्या दिवशी आपला चुलतभाऊ सहज बोलून गेला की गुरुजी असते तर एका मिनिटात दिलं असतं. लागलं मला ते. नाकाला मिरची झोंबावी तसं लागलं. आणि माझ्या तोंडून ते चार अक्षरी नाव बाहेर पडलं. त्याने शोधलं. कुठेच नव्हतं. बूटवाले उभे राहिले, टाळ्या काय, मिठाई काय. चुलतभावाने एवढंच विचारलं, "ताई, हे कुणाचं नाही ना?" मी म्हटलं, "कुणाचं नाही." एवढ्यावर थांबले नाही. कुठून सुचलं म्हणून विचारलं, तर ऐटीत सांगितलं, गुरुजींच्या वहीतलं आहे.

मे महिन्यात मुंबईकर गावी आले, तेव्हा विहारासमोरच्या मंडपात त्यांनी कार्यक्रम केला. पडद्यावर ते नाव सोन्याच्या रंगात फिरत होतं आणि बाजूला तुमचा फोटो, गुरुजी, कोट घातलेला, शाळेच्या निरोपसमारंभातला. गुरुजींनी दिलेलं नाव, असं माईकवरून तीनदा सांगितलं. मी पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेले. मागे बायकांत काकी उठून उभी राहिलेली मला दिसली. आता सत्तरीकडे झुकली आहे, पुढे मूल झालंच नाही, नवराही गेला. तिला वाचता येत नाही, पण माईकवरचं ऐकू आलं होतं. नंतर कळलं, ती शेजारणीला म्हणाली, "ह्या माज्या पोरीचा नाव हाय." शेजारणीला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. दुसऱ्या दिवशी काकीने म्हातारपणासाठी ठेवलेलं होतं नव्हतं ते सगळं त्या नाण्यात घातलं. तिला भाव वाढायला नको होता. आपल्या पोरीच्या नावाने काहीतरी चाललंय, त्यात आपण नसलो तर कसं, एवढाच तिचा हिशेब. मला हे कळलं आणि मी गप्प बसले. भावाला फोन करून तिचे पैसे परत दे म्हणायला माझी जीभ झडली नव्हती. पण मग सगळं सांगावं लागलं असतं.

गणपतीच्या आधी सगळं बंद पडलं. बूटवाल्यांचे फोन लागत नाहीत, चुलतभाऊ म्हणतो मलाही फसवलं, आणि वाडीच्या ग्रुपवर त्याने लिहून टाकलं की ते ॲप सगळ्यांनी काढून टाका. नाव मोठं, लक्षण खोटं, असं लोक आता त्या नावाला म्हणतात, तोंडावर थुंकल्यासारखं उच्चारतात. ज्या नावाखाली तुम्ही रेघ मारलीत, त्याची मी ही दशा केली. म्हणून ते नाव मी या कागदावर लिहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी वाडीत गेले. घरोघरी जाऊन लोकांना ॲप काढून देत होते, तेवढंच प्रायश्चित्त. शेवटी काकीकडे गेले. तिने मोबाईल पदराला पुसून माझ्या हातात दिला. उघडलं, तर आकड्याच्या जागी शून्य, पण वर नाव तसंच होतं. मी काढायला बोट नेलं, तिने मनगट धरलं. म्हणाली, "पैसं गेलं तं गेलं. नाव नको काढूस. सकाळच्याला एकदा बघते मी." तिला ती अक्षरं वाचता येत नाहीत, गुरुजी. त्यांचा आकार पाठ झालाय. मी मोबाईल परत दिला. मग तिने मला चहा दिला आणि इतकी वर्षं मनात ठेवल्यासारखं विचारलं, "बाय, खरा सांग, पोरीला ह्या नाव गुरुजींनीच दिलान ना?"

खरं सांगायला अडवणारं तिथे कोणीही नव्हतं, फक्त ती आणि मी. हे पत्र मी तुमच्या वहीत, त्या रेघेच्या पानात ठेवणार आहे, कारण दुसरीकडे कुठे पाठवणार? मी हो म्हटलं.