ऑक्टोबर संपायच्या आत गाडीला छप्पर हवं

मेहुणेबुवा गेबहार्ड यांस,

ऑयगेनचा सप्रेम आणि जरा भीतभीतच नमस्कार. बारा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? रोझविटा सांगत होती की त्या आरोग्यधामात तुला रोज गरम चिखलात बुडवून ठेवतात आणि वर बिनमिठाचं सूप पाजतात. (हे ऐकून मला आनंद झाला असं समजू नकोस. थोडासाच झाला.) तुझी बायको तशी खुशीत आहे, घरात शांतता आहे म्हणते. तू मात्र उपचार पुरते तीन आठवडे घे, अर्धवट टाकून पळून येऊ नकोस. या आठवड्यात तर मुळीच येऊ नकोस.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या लाल गाडीला यंदाच्या हिवाळ्यात छप्पर नाही. तिच्या नंबरप्लेटवर एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने आहेत हे तुला ठाऊक आहे, म्हणजे एकतीस तारीख उलटली की ती चालवणं सोडच, रस्त्याकडेला नुसती उभी दिसली तरी दंड. घर विकून मी दोन खोल्यांत राहायला आलो तेव्हा सगळ्याचा विचार केला, गाडीचा केला नाही. आनेग्रेट माझी मुलगी असली तरी वळण तुमच्या घराण्याचं. तिने ठणकावून सांगितलं, ‘‘बाबा, एकतीसपर्यंत जागा मिळाली तर ठीक. नाहीतर दोन तारखेला दलाल येईल आणि गाडी घेऊन जाईल. मग रडत बसायचं नाही.’’ मी बरं म्हणालो. म्हणायला नको होतं.

तू म्हणशील, बाउशरच्या गोठ्यामागच्या गवताच्या कोठाराला काय झालं? तिथेच तर एकोणीस हिवाळे गाडी झोपली. हेर्मिना असताना तो आमचा सणच असायचा. टाकी गळ्यापर्यंत भरायची, चाकांत हवा जास्त ठासायची, बॅटरी काढून घरी न्यायची. (ती स्वयंपाकघरात बटाट्यांच्या पेटीशेजारी राहायची आणि हेर्मिना पाहुण्यांना ‘हा आमचा हिवाळ्याचा भाडेकरू’ म्हणून तिची ओळख करून द्यायची.) मग ती, तुझी बहीण, जुनी फ्लॅनेलची चादर गाडीवर घालायची, चारी कोपरे आत खोचायची आणि बॉनेटवर थाप मारून म्हणायची, ‘‘झोप आता गप. वसंतात बघू.’’ नंतर बाउशरच्या पायरीवर बसून सफरचंदाची आंबट दारू प्यायची आणि चालत घरी यायचं, साडेचार किलोमीटर, हातात हात घालून. गेबहार्ड, मी उन्हाळ्यातल्या सहली विसरलो रे, पण हे चालत येणं विसरलो नाही.

तर यंदाही शनिवारी दुपारी मी कोठारावर गेलो. दार सताड उघडं होतं, मी नेहमीसारखी गाडी सरळ आत घातली. आत गेल्यावर कळलं की समोर गवत नव्हतं, पांढऱ्या टेबलांच्या रांगा होत्या आणि शंभरएक माणसं नटूनथटून बसली होती. बाउशरच्या सुनेने गवत काढून कोठार लग्नांना भाड्याने द्यायला सुरुवात केली होती आणि मला कळवायचं राहून गेलं होतं. दारातली फुलांची कमान मी आरशावर अडकवून आत आणली होती. तीन मजली केकच्या वीतभर अलीकडे ब्रेक लागला. मला वाटलं आता चोप मिळतो. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या! नवरीला वाटलं हे नवऱ्याचं काम, नवऱ्याला वाटलं सासऱ्याचं, आणि सासरा असा मान डोलावत उभा राहिला की जणू खरंच त्याचं होतं. मग मी नवरानवरीला घेऊन चर्चला दोन चकरा मारल्या, भाजलेलं डुक्कर खाल्लं, नवरीच्या दोन मावश्यांबरोबर नाचलो. सगळं छान झालं. जागा तेवढी मिळाली नाही.

मग आनेग्रेटच्या इमारतीच्या तळघरात, तिच्याच पार्किंगमध्ये, तिला नीटसं न सांगता ठेवली. तिथे मार्डर हिंडतो. (तोच तो, मुंगसासारखा दिसणारा, वायरी कुरतडणारा. गेल्या वर्षी बाउशरच्या ट्रॅक्टरच्या सगळ्या वायरी फस्त केल्या होत्या त्याने.) त्याला कुत्र्याच्या केसांचा वास सोसत नाही, म्हणून कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईकडून मी पिशवीभर केस आणले. पण ते बांधायचे कशात? हेर्मिनाच्या मोज्यांचा कप्पा मी अजून रिकामा केलेला नाही, ती गेल्याला चार वर्षं झाली तरी. त्यातले सहा लांब मोजे घेतले, केसांनी भरले आणि इंजिनात ओळीने टांगले. हवा लागावी म्हणून बॉनेट उघडं ठेवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या क्नोप्फ्ले बाई सायकल घ्यायला खाली उतरल्या आणि त्यांना अंधारात सहा पाय दिसले. संध्याकाळी लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली, ‘तळघरात अंतर्वस्त्रे वाळत घालणाऱ्यांनी दोन दिवसांत आपली गाडी हलवावी.’ आनेग्रेट दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला मात्र मोजे काढताना हुंदका आला, खोटं कशाला सांगू.

तेव्हा उरलास तू. तुझी शेड कोरडी आहे, दगडी आहे, आणि एका कोपऱ्यात रिकामी आहे. आठव, ही गाडी आपण दोघांनी मिळून घेतली, चौऱ्याहत्तर साली, तेव्हा आपल्या दोघांत मिळून एक धड कोट नव्हता. एक रविवार तुझा, एक माझा. पुढे माझ्या रविवारी तुझी बहीण येऊन बसायला लागली आणि तुझे रविवार आपोआप बंद पडले. तू कधी कुरकुर केली नाहीस. आणि मी? तू भर फेब्रुवारीत स्वतःची बॅटरी लावून, बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावरून गाडी काढलीस म्हणून बारा वर्षं तोंड फिरवून बसलो. हेर्मिनाच्या दफनालासुद्धा तुझ्याशी हात मिळवला नाही. त्या मिठाने गाडीला गंज कुठेच लागला नाही रे. उगाचच ताणलं मी. चुकलो, माफ कर.

एवढ्या हिवाळ्यापुरता कोपरा दे, ही विनंती. नाही म्हणालास तरी राग धरणार नाही. तब्येतीला जप आणि त्या सूपात गुपचूप मीठ घालून घे.

तुझ्या बहिणीचा नवरा,
ऑयगेन

ता. क. गाडी शुक्रवारपासून तुझ्याच शेडमध्ये आहे. रोझविटाने किल्ली दिली. तुझं गवत कापायचं यंत्र बाहेर ठेवलंय, पण त्यावर ताडपत्री घातली आहे, चांगल्यातली.

आणखी एक. गाडी मी आणली नाही, रोझविटाने चालवत आणली, जीभ दातांत धरून. लग्नातली ती कमान मला दिसलीच नव्हती, टेबलंही नाहीत. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, आता गाडी चालवायची नाही. परवाना मी स्वतःच जाऊन जमा केला. आनेग्रेटला अजून माहीत नाही, तिला कळलं तर ती दलालाला दोन तारखेची वाटसुद्धा बघू देणार नाही.

शेवटचं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच हेर्मिनाच्या जागेवर बसलो. ती सीट खचली आहे, तिथून रस्ता धड दिसतच नाही. चालवणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसतो. मी तिला सारखा म्हणायचो, अगं, समोर बघ, किती सुंदर दरी आहे, आणि ती म्हणायची, बघतेय की.

एक एप्रिलला सकाळी ये. गाडी तू चालव. मी बाजूला बसेन.