पोट हलणारा मुडदा

ती. ताईंना नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरता ना? मी बरी आहे. जेवते. (तुम्ही पहिलं हेच विचाराल म्हणून आधीच लिहिलं.)

यांचा शेवटचा सिनेमा लागलाय. "माझ्या भावाला मार खाताना बघायला तिकीट काढून येऊ?" असं तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून मी एकटीच गेले. काळजी करू नका, यांना कुणाचाही हात लागत नाही. नायकाची लाथ वीतभर लांबून जाते, तरी हे उडून पडतात, आणि लाथेचा आवाज हे पडल्यावर येतो. (तो आवाज आमच्या न्हाणीघरातला. यांनी ओली गादी काठीने बडवून तो करून दिला होता. गादीला अजून वास येतो.) खलनायकाची टोळी मोठी आहे म्हणतात, पण निर्मात्याला पाचच माणसं परवडली. त्यामुळे मेलेला माणूस खोक्यांमागून सरपटत बाहेर जातो आणि मिशी लावून परत येतो. हे पांढऱ्या सदऱ्यात मरतात, मिशीत मरतात, तोंडाला फडकं बांधूनही मरतात. शिवाय नायकाला उडी जमत नाही (पोस्टरवर त्याचं वय दिसत नाही, एवढंच), म्हणून उडी मारणाऱ्याची पाठ यांची आणि लाथ खाणारं तोंडही यांचंच. स्वतःच स्वतःला जिन्यावरून ढकलणारा माणूस मी प्रथमच पाहिला. कानांवरून ओळखलं. तुम्ही लहानपणी ओढून लांब केलेले कान ते, लपणार कुठे?

मी रोज जाते. दारावर तिकिटं फाडणारे काका काल म्हणाले, "बाई, शेवट कालचाच आहे बरं का!" मी म्हटलं, "असू दे." शेजारच्या खुर्चीतला माणूस यांच्या मिशीला पोट धरून हसत होता. मला राग यायला हवा होता, पण मलाही हसू आलं, हे गेल्यापासून पहिल्यांदाच. ताई, घरी हे झोपेतच गेले, कुणी बोटही न लावता. इथे एवढा मार खातात आणि दर वेळी उठून येतात.

तब्येतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. : सिनेमाचे दिग्दर्शक (त्यांना सगळे मास्तर म्हणतात) भेटायला आले होते. "वहिनी, अगदी खरं सांगा, काय काय चुकलंय? शुक्रवारपासून दुसऱ्या गावांत लावायचाय, त्याआधी दुरुस्त करतो," म्हणाले. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. दिवसभर तोंड उघडणार नाही आणि कुणी विचारलं की सगळं सांगून मोकळी. शेवटी नायक लांबलचक भाषण करतो, तेव्हा मागे हे मरून पडलेले असतात आणि यांचं पोट वर-खाली होत असतं. मी तेही सांगितलं. मास्तर खूश झाले. "बरं झालं बोललात! तेवढा तुकडा कापून टाकतो." मी मान हलवली, चहा दिला. ते गेल्यावर दाराला कडी लावली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तो तुकडा राहायला हवा, ताई. मला मास्तरांना सांगवत नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. तुमच्यापुढे भलेभले गप्प होतात. शुक्रवारच्या आत या आणि त्यांना चांगला दम भरा.

आणखी एक : वर सिनेमाला जी नावं ठेवली आहेत, त्यातलं त्यांच्यासमोर काही बोलू नका. सगळं दुरुस्त करायला बसले तर सिनेमाच उरायचा नाही. आणि दम भरण्याआधी माझ्याबरोबर एकदा बघून घ्या. लांबचा चष्मा आणा. भाषणाकडे लक्ष देऊ नका, डावीकडे पोत्यांपाशी बघा. घरी झोपल्यावर घ्यायचे ना, तसाच श्वास घेतात, सावकाश.