कोलतेकाकांच्या डाव्या हाताचा दांडा

१ मार्च ९७, शनि.
सकाळी मंजू आली. सेक्टर १० ला, आमच्या क्वार्टरवर, पहिल्यांदाच. सायकल फाटकाला टेकवली आणि बाहेरूनच, "मिलिंद आहे का?" आईनं पाणी दिलं. प्याली. वर "अजून द्या" म्हणाली. लिहून ठेवतो.

काम असं. तिचे बाबा, कोलतेकाका, वीस वर्षं एअरफोर्समध्ये हेलिकॉप्टर उडवत होते, मग इथं स्टील प्लांटात ऑफिसर. डिसेंबरात झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय घासत का होईना चालतो, हात नाही. व्यायामाला रबरी बॉल दिला तर उजव्या हातानं भिंतीवर मारतात. मं.च्या कॉम्प्युटरवर विमानं उडवायचा गेम आहे, त्यात एक हेलिकॉप्टर. परवा काका बघत बसले आणि म्हणे, "हे खेळणं आहे. कलेक्टिव्ह कुठाय?" कलेक्टिव्ह म्हणजे सीटच्या डावीकडचा दांडा. वर ओढला की हेलिकॉप्टर वर. डाव्याच हातानं ओढतात.

"डॉक्टरांचं ऐकत नाहीत, दांड्याचं ऐकतील," मं. म्हणाली. "तू बनवशील ना? तूने तो इंजिनिअरिंग पढ़ा है."
दीड वर्ष पढ़ा है. म्हटलं, बनवतो.
अकरावीपासून ही मुलगी डोक्यात आहे. तिला एका शब्दानं कळू दिलं नाही.

३ मार्च
रिसालीला मं.च्या घरी. काकांनी खुर्चीतूनच, "या, अर्धा इंजिनिअर आला." जिभेवरचं उत्तर गिळलं. मं. समोर होती म्हणून.
चहा ठेवताना तिनं सांगितलं. पुण्याला नोकरी लागली आहे, २ जूनला जॉइन व्हायचं. काकू जाऊन चार वर्षं झाली, घरात ही दोघंच. "बाबांचा हात उठला तर जाईन. नाही तर नाही म्हणून कळवून टाकते."
परत येताना सायकलवर हिशेब लागला. हात उठला की ती पुण्याला. नाही उठला की इथंच.
मी हे काय काम घेऊन बसलो?

९ मार्च, रवि.
फजिती. दांडा सरळ खुर्चीच्या हाताला बोल्ट केला. काकांनी ट्रायल म्हणून उजव्या हातानं ओढला, दांडा जागेवर, खुर्ची तिरपी. मं. नं मागून धरली.
काका, "हेलिकॉप्टरआधी मलाच उडवतोस का?"
म्हणजे सुटं काहीच चालणार नाही. एक जाड प्लायची फळी घ्यायची आणि खुर्ची, दांडा, पायाची पेडलं, मधली स्टिक, सगळं त्या एकाच फळीवर आवळायचं. कोण कोणाला ओढेल ते आपसात.

१७ मार्च
पेडलं जमली. सी-सॉच्या फळीसारखी, एक पुढं गेलं की दुसरं मागं. त्यामुळं काकांचा उजवा पाय डाव्याला बरोबर नेतो. मं. ला दाखवलं तर टाळ्या वाजवल्या. दोन टाळ्या. मोजल्या.
आत दांड्याला जोडायला रेडिओचा आवाज वाढवायच्या बटणामागं जे फिरतं ते लागतं, दुकानात त्याला व्हॉल्यूमच म्हणतात. तीन पाय असतात. दांडा हलला की ते फिरतं आणि कॉम्प्युटरला कळतं. एवढंच आहे, पण पहिल्यांदा पडद्यावरची सुई हलली तेव्हा मी ओरडलो.

पण दांडा डुगडुगतो. संध्याकाळी अंगणात घेऊन बसलो होतो. बाबा प्लांटातून, क्रेनच्या शिफ्टवरून आले. कॉलेजात एकाची कॉलर धरली, सस्पेंड झालो, मग मीच परत गेलो नाही, त्या ऑक्टोबरपासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. सगळं आईमार्फत. "त्याले विचार, जेवला का." आज माझ्याजवळ उभे राहिले.
"कावून हालून राह्यलं ते?"
"कब्जा लावलाय," मी बिजागरी दाखवली.
"कब्जा दाराले लावतात. दांड्याले बुश लागते. सरक."
पाच महिन्यांत पहिला शब्द माझ्यासाठी. सरक. सरकलो. डोळे भरून आले होते, बरं झालं त्यांनी वर पाहिलं नाही.

३० मार्च, रवि.
आज बसवलं. बाबा स्वतः आले रिसालीला, मी स्कूटरवर मागं. बाबांचं काम म्हणजे काम. पितळी बुश, म्हणजे दांड्याची खीळ जिच्यात फिरते ती नळी, दोन्हीकडून चामड्याचे वॉशर. दांडा जिथं सोडाल तिथं थांबतो, काकांना तेच पाहिजे होतं. आतली जोडणी पण बाबांनीच केली, मी पेडलांत अडकलो होतो.
काकांचा डावा पंजा मं. नं दांड्यावर ठेवला, वरून रुमाल बांधला. काकांनी श्वास घेतला. हात खाली गेला आणि हेलिकॉप्टर वर. वर! तीन मिनिटं हवेत. उतरवताना दांडा मं. नं उचलला, तोवर काकांचं बनियन घामानं चिंब. मं. रडत होती. बाबा भिंतीकडे बघून चष्मा पुसत होते.

बाबा गेल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं. हळू, "उलटं आहे रे."
तेव्हा डोक्यात आलं. बाबांची जुनी क्रेन. तीस वर्षं हँडल खाली दाबलं की लोड वर. त्यांच्या हाताला तेच सरळ.
म्हटलं, लगेच बदलतो, एक वायर आहे.
"नको. राहू दे."
"पण काका..."
"राहू दे म्हटलं ना. आज उडालो मी."

३१ मार्च
रिसालीला गेलो नाही.
खाली दाबायला हात लागतच नाही. हाताचं ओझंच दांड्याला खाली नेतं. काका रोज उडतील, खूश राहतील, आणि हात जिथं आहे तिथंच. २ जून येईल आणि जाईल. मं. इथंच. कोणी कोणाला बोल लावणार नाही. चूक बाबांची, मर्जी काकांची. मला फक्त गप्प बसायचं आहे.
सबंध दिवस गप्प बसून पाहिलं.

१ एप्रिल
वायर बदलली. व्हॉल्यूमच्या या टोकाची काढून त्या टोकाला. पाच मिनिटांचं काम.
काकांनी ओढायचा प्रयत्न केला. दांडा हलला नाही. पुन्हा. पुन्हा. मग, "होतं तसं कर."
"नाही करत."
"माझं घर आहे हे!"
"दांडा मी बसवलाय! पायलट आहात की पेपरवेट, हात नुसता ठेवून द्यायला?"
"अर्ध्या इंजिनिअरनं मला शिकवायचं नाही."
"अर्ध्या पायलटला कोणीतरी शिकवलंच पाहिजे!"
बोलून गेलो. मं. दारात. तिचा चेहरा.
काका, "निघ."
निघालो. हातातला पाना तसाच घरी आला.

२ एप्रिल
सगळं बाबांना सांगितलं, त्यांच्या चुकीसकट. वाटलं आता परत ऑक्टोबर. बाबा ऐकत बसले, मिशीवरून बोट फिरवत.
"म्हंजे साहेबाले वर ओढायचं हाये अन् ओढवत नाही."
"हो."
"मंग मांगून वजन टाक ना. क्रेनच्या बूमले काय करतात? एवढं शिकला, काउंटरवेट नाही मालूम?"
मग आईला, "याले वाढ." आणि थांबून, "मिलिंदले वाढ वं."
नाव घेतलं.

६ एप्रिल, रवि.
पॉवर हाऊस बाजारातल्या कबाड्याकडून, भंगारातून, सात मोठे नट आणले. दांडा बुशच्या मागं वीतभर वाढवला, त्या शेपटीत एकामागं एक नट. सातही असले की दांडा पुढून आपसूक उठायला बघतो, नुसतं बोट लावलं तरी चालतं. दर रविवारी एक काढायचा. शेवटी उरेल तो नुसता हात.
बाबाच पुढं गेले काकांकडे. मी फाटकापाशी.
"साहेब, उलटं मी लावलं होतं. पोट्ट्यानं सरळ केलं. तोंडाचा खराब हाये तो, हाताचा नाही."
आतून काकांचा आवाज, "त्या अर्ध्याला आत बोलव. उन्हात उभा करतोस का पोराला?"
पाया पडलो. काकांनी उजव्या हातानं कान धरला, जोरात. त्यांच्या उजव्या हाताला काही झालेलं नाही.
सात नट लावून हेलिकॉप्टर उठलं. वर ओढून.

फिजिओवाल्या मॅडम येऊन बघून गेल्या. म्हणे, छान आहे, पण लक्ष ठेवा. कोपर आणि मनगट उचलायला पाहिजे. "कंधा चोर होता है. हाथ का काम चुरा लेता है."

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत बाबा पांढऱ्या शर्टात, निळा दुपट्टा. चौकात ऑटो उभा, आत काका, बाजूला मं. काकांनी उजवा हात वर केला, "जय भीम, मेश्राम." जीभ अजून थोडी अडते. बाबा रांगेतून बाहेर आले, "जय भीम साहेब." मग दोघं ऑटोपाशी क्रेनवरच बोलत राहिले, मागची रांग पुढं निघून गेली.
मं. घरी आली, खीर खाल्ली, आईला भांडी विसळू लागली. ती गेल्यावर आई, "पोरगी चांगली हाये. पन लय दूर हाये रे."
"रिसाली कुठं दूर?"
"मी रिसालीचं नाही म्हणून राह्यली."
समजलं. पण आज राग आला नाही. आज पोट भरलेलं आहे.

४ मे
तीन नट. अडकलो. उचलतात, पण एका जागी ठेवता येत नाही, धाडकन खाली. आज नऊदा आपटलं. काकांनी कॉम्प्युटरला, मला, गेम बनवणाऱ्याला, सगळ्यांना हिंदीत शिव्या दिल्या. मग मला खुर्चीत बसवलं, "तू करून दाखव."
मी तर अकराव्या सेकंदाला आपटलो.
"दोन्ही हात शाबूत असून?" आणि हसले. असे हसले की मं. स्वयंपाकघरातून धावत आली.
मला शिकवून राहिलेत आता. रोज अर्धा तास. दांडा ओढला की हेलिकॉप्टरचं नाक फिरतं, ते पायानं धरायचं, मग स्टिक. सगळं एकदम, पण कणाकणानं. कॉलेजात मला कोणी इतक्या चिकाटीनं काही शिकवलं नव्हतं. मीच शिकू दिलं नसेल.

११ मे
दोन नट. माळ्यावरून सुटकेस मी काढून दिली. मं. नं पुसली, उघडून पाहिली, बंद केली. म्हणाली, "परत ठेव वर." ठेवली. का ते विचारलं नाही.

१८ मे
एक नट. काकांची तीन बोटं आता स्वतः वळतात, रुमाल सोडला. मं. नं ती बोटं हातात घेऊन मला दाखवली, जणू मी दिलीत.
मी काय दिलं? मलाच मिळालं. बाबा मिळाले. ओरडणारे एक काका मिळाले. अडीच महिने रोज तिच्या हातचा चहा.
घरी आलो तर टेबलावर फॉर्म, वर दगड. आयटीआय, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. बाबा नळावर पाय धूत होते, पाठमोरे. "बघ. फाडायचा तर फाड." फाडला नाही. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली.

२५ मे, रवि.
शेवटचा नट काढला. बाबा पण आले होते. सातही नट काकांनी खिडकीत ओळीनं मांडायला लावले.
शेपूट मोकळी. काकांनी पंजा दांड्यावर ठेवला. खोलीत कूलरचाच आवाज. दांडा उठला. हेलिकॉप्टर जमिनीपासून सुटलं, हाताभर, मग दोन हात. थरथरत होतं, पण होतं. मग बसलं. आपटलं नाही, बसलं.
काका, "झालं! बाळ, सुटकेस काढ."
मं. म्हणाली, "नाही झालं. खांद्यानं उचललंत."
"हातानं!"
"खांद्यानं, बाबा. मैंने देखा. चोर आहे तुमचा खांदा."
"मला माझा हात माहीत नाही?"
भांडण जुंपलं. काकांना तिला पाठवायची घाई, तिला न जायला कारण पाहिजे होतं की खरंच दिसलं होतं, देव जाणे. बाबांना विचारलं तर बाबा, "मले पडद्यावरचंच दिसून राह्यलं होतं साहेब."
मग दोघं माझ्याकडे वळले.
काका, "दांडा याचा आहे. हा सांगेल ते मान्य."
मं., "मान्य. मिलिंद, खरं सांग. हात की खांदा?"

खरं सांगायचं तर मी हाताकडे बघतच नव्हतो. खांद्याकडेही नाही. हेलिकॉप्टर सुटलं तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो.
हे तिथं म्हणता येईना. कानापर्यंत लाल झालो. म्हटलं, "एकदा बघून सांगणं बरोबर नाही. उद्या सकाळी परत करू."
काका चिडले. मं. फाटकापर्यंत आली. म्हणाली, "उद्या नीट बघशील ना?"
तिला कळलं असावं.
उद्या सात वाजता. खुर्चीच्या डावीकडे, जमिनीवर बसणार आहे, कोपराच्या अगदी जवळ. तिला माझ्या पाठीमागं उभं राहायला सांगणार आहे.