प्रवाशांचे लाडके

अण्णा, तुमच्या नातीला, माझ्या लेकीला, आता जहाज मिळणार आहे. चालवायला नव्हे, हसवायला. क्रूझ डायरेक्टर म्हणतात त्या पदाला. हजार-दोन हजार माणसं सुट्टीसाठी जहाजावर चढली की सकाळच्या व्यायामापासून रात्रीच्या नाचापर्यंत त्यांचं मन रमवायचं, आणि शेवटच्या दिवशी दारात उभं राहून हसत निरोप द्यायचा, असं ते काम. आजवर ती त्यात दुसऱ्याच्या हाताखाली होती आणि तीन-चार महिन्यांनी घरी यायची. आता ती मुख्य होईल, आणि एकदा गेली की सहा-सात महिने तोंड दिसणार नाही. तिची मुलगी आठ वर्षांची आहे. जावई चेन्नईबाहेर एन्नोरच्या वीजकेंद्रात, कधी सकाळची पाळी तर कधी रात्रीची, म्हणजे पोर अण्णा नगरला माझ्याकडे. सोमवारी तिला कंपनीला उत्तर द्यायचं आहे, आणि त्याआधी मी हो म्हणायला हवं. ते माझ्या तोंडून निघत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, लेक तेव्हा जन्मलीही नव्हती, तरी आज दुपारी पोर शाळेत असताना मी हे पत्र लिहीत तुमच्याशीच भांडायला बसले आहे. कारण या घरात जहाज तुम्ही आणलंत.

तिला हे पद कसं मिळालं ते ऐका. समुद्रावर हौसेने फिरणारी माणसं इंटरनेटवर आपापल्या आवडत्या क्रूझ डायरेक्टरला मतं देतात. ही डायरेक्टर नव्हती, तरी लोकांनी तिचंच नाव लिहिलं, इतक्यांनी लिहिलं की कंपनीला दखल घ्यावी लागली. मी ते फोनवर वाचलं टी. नगरच्या बाजारात, माझ्या नातीच्या शाळेचा गणवेश घ्यायला गेले होते तेव्हा, दुकानातल्या गर्दीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून. कुणी आजोबा लिहितात, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे तिने पहिल्या दिवशी ऐकलं आणि शेवटच्या दिवसापर्यंत रोज विचारलं. कुणी लिहितं, आमच्या मुलाचा वाढदिवस आम्ही विसरलो होतो, ती विसरली नाही. एका बाईंनी लिहिलंय, ती आम्हाला घरच्या माणसासारखी वाटली. अण्णा, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ही भूमध्य समुद्रात कुठेतरी होती आणि तिने फोन केला तो आठ दिवसांनी, तोही डावा डोळा की उजवा असं विचारत. दुकानदार म्हणाला, “अम्मा, साइझ सांगा.” मला नातीच्या फ्रॉकचा साइझ आठवेना. इतका राग आला होता.

तसाच राग मला लहानपणी इथल्या हार्बरवर यायचा, फक्त तेव्हा त्याला राग म्हणतात हे माहीत नव्हतं. तुम्ही जहाजावर पर्सरच्या, म्हणजे प्रवाशांचे हिशेब-कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात असिस्टंट. काम कागदपत्रांचं, पण सिंगापूरचा प्रवास लांब, डेकवर चटया टाकून झोपणारी शेकडो माणसं कंटाळलेली, म्हणून तुम्ही कधीतरी हौसेने तंबोला सुरू केलात, मग गाणी, मग नकला, आणि मग ते तुमचंच काम होऊन बसलं. आई मला कॉन्व्हेंटच्या गणवेशातच तुम्हाला आणायला न्यायची. मी कठड्याला धरून उभी आहे. जिन्यावरून माणसं उतरतायत, ट्रंका, बोचकी, घोंगड्या, आणि प्रत्येक जण तुमच्यापाशी थांबतोय. म्हाताऱ्या बायका तुमच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडतायत. एक धिप्पाड माणूस रडतोय. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी सांगता आणि तो रडता रडता हसतो. मला वाटायचं, आता हा माणूस आमच्याकडे येणार, आमच्या टॅक्सीत बसणार. मग टॅक्सीत तुम्ही बसायचात, पण डोकं मागे टेकून, डोळे मिटून. मी काही विचारलं की म्हणायचात, “हसून हसून जबडा दुखतो गं, बाळ. थोडं गप्प बसू दे.” पेरांबूरच्या घरापर्यंत आम्ही तिघं गप्प. घरी आल्यावर आई स्वयंपाकघरातून बोटाने खुणावायची, आवाज करू नकोस, अण्णा झोपलेत. तुम्ही पंधरा दिवस झोपलेलेच असायचात.

शाळेत सिस्टरनी एकदा सगळ्यांना विचारलं, वडील काय करतात. मी उभी राहून म्हणाले, माझे वडील माणसांना हसवतात. सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं आणि लिहिलं, शिपिंग क्लार्क. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई भाजी चिरत होती. ती म्हणाली, “बरोबरच लिहिलंय. घरी येतो तो क्लार्कच.” तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतात. ऐकलंत, आणि पान उलटलंत.

आईने कधी तक्रार केली नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर ती तुम्ही नसताना करायची. एकदाच समोर केली. गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोकांनी तुम्हाला धरून स्टेजवर नेलं, आणि तुम्ही अर्धा तास असं काही रंगवलंत की आमच्या शेजारच्या मामी हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. घरी येऊन आई पोळ्या लाटायला बसली आणि म्हणाली, “मलाही एक गोष्ट सांगा ना. एकच. त्या मंडळातल्या बायकांना सांगितलीत त्यातली शिळी चालेल.” तुम्ही हसलात, ते थकलेलं हसू, आणि म्हणालात, “उद्या.” ती दुसऱ्या दिवशी विचारेल म्हणून मी वाट पाहिली. तिने नाही विचारलं.

आणि तुम्ही गेल्यावर काय झालं ते तर तुम्हाला माहीतच नाही. दहाव्याच्या आधी कारैकुडीहून एक गृहस्थ आले, पांढरं वेष्टी-धोतर नेसलेले, हातात बामच्या बाटल्यांचं पुडकं. कितीदा तरी तुमच्या जहाजाने गेले-आलेले. आईला नमस्कार करून माझ्याकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, “नी दाना अंद पोण्णु? तूच का ती मुलगी, जिने पालीला इंग्रजीत बाहेर जायला सांगितलं?” मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. सहा वर्षांची असताना न्हाणीघरात पाल निघाली होती, आणि मी नुकतीच कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं वाक्य तिला म्हटलं होतं, एक्स्क्यूज मी, प्लीज गो आउट. ते तुम्ही प्रत्येक फेरीला सांगायचात म्हणे. पालीचा आवाजही काढायचात. त्या गृहस्थांनी तो काढून दाखवला. मला कांजिण्या आल्या तेव्हाचं त्यांना माहीत, माझा पुढचा दात पडला तो मी खिडकीत ठेवला हेही माहीत. मला हसू यायला हवं होतं, कारण ते तुमची आठवण म्हणून इतक्या लांबून आले होते. मी आत जाऊन पाण्याचा नळ सोडून उभी राहिले. शेकडो माणसांना तुम्ही माझ्या गोष्टी सांगत होतात, आणि माझ्याशी माझ्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. तुमच्या तोंडून ती पालीची गोष्ट कशी वाटते, ते मला आजही माहीत नाही.

आता गेल्या महिन्यातलं. लेकीचं जहाज चेन्नईहून तीन-चार दिवसांची छोटी फेरी करणार होतं, तिने पोरीचं आणि माझं तिकीट काढलं. आई, एकदा बघ तरी मी काय करते ते, म्हणाली. आम्ही बघितलं. ती दिवसभर कुठे बसत नाही, अण्णा. जिन्यात, जेवणाच्या रांगेत, लिफ्टमध्ये, जिथे माणूस भेटेल तिथे त्याच्या नावाने हाक. संध्याकाळी थिएटरात लहान मुलांचा खेळ होता. वीसेक पोरं स्टेजवर, त्यात आमची. लेक माइक घेऊन एकेकाला नाव, गाव विचारत आली. आमच्या पोरीसमोर वाकली आणि इंग्रजीत म्हणाली, “आणि तुझं नाव काय, स्वीटहार्ट?”

मी खुर्चीत ताठ झाले. पोरीने डोळे मोठे केले आणि गंभीरपणे नाव सांगितलं.

“कुठून आलीस?”

“चेन्नई, मॅम.”

“आणि मम्मी काय करते?”

“जहाजावर काम करते. ती सगळ्यांशी बोलते.”

“अरे वा. आणि तुझ्याशी?”

पोरीने विचार केला. “फोनवर.”

अख्खं थिएटर हसलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. लेकही हसली, सगळ्यांच्या बरोबरीने, आणि पुढच्या मुलाकडे गेली. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “किती गोड आहे ना ती?” कोण, ते मी विचारलं नाही.

खेळ संपल्यावर मी लेकीला बाहेरच्या बोळात गाठलं. “स्वतःच्या पोरीला नाव विचारतेस?”

“आई, हळू बोल. पॅसेंजर आहेत.”

“मीही पॅसेंजरच आहे. तिकीट आहे माझ्याकडे.”

“मग पॅसेंजरांच्या तक्रारी रिसेप्शनवर घेतात, पाचव्या डेकला.” ती हसली. मी हसले नाही, तेव्हा तिने मला भिंतीकडे ओढून घेतलं. “ऐक. ही माझी मुलगी असं म्हटलं असतं तर बाकीच्या पोरांचा खेळ तिथेच संपला असता. ती जिंकली तर आईने जिंकवलं, हरली तर आईने मुद्दाम हरवलं. स्टेजवर माझं कुणी नसतं, आई. एक जण माझा झाला की बाकीचे सगळे परके होतात. या कामात हे पहिलं शिकवतात.”

“आणि फोनवर म्हणाली ती, ते ऐकलंस?”

“ऐकलं,” ती म्हणाली. मग कुणीतरी लांबून हात केला आणि ती त्याला नावाने हाक मारत त्याच्याकडे गेली.

केबिनमध्ये पोर बिछान्यावर उड्या मारत होती. “आजी, आई कित्ती छान खोटं बोलते. मी पण बोलले. कुणालाच कळलं नाही. फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.” तिला कुशीत घेऊन समजूत घालायची म्हणून मी तयारीने आले होते. समजूत घालण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

काल स्वयंपाकघरात लेकीशी पुन्हा तोच विषय. मी सांबाराला फोडणी देत होते. मी म्हटलं, तुझे आजोबाही असेच होते, सगळ्या जगाचे लाडके. ती म्हणाली, “आई, हो म्हण किंवा नाही म्हण, पण अण्णांना मध्ये आणू नकोस. मी त्यांना पाहिलेलंही नाही. तू नाही म्हणालीस तर मी राहीन. इथे एखाद्या हॉटेलात नोकरी बघेन. मनापासून सांगते.” आणि ती खरंच राहील, अण्णा, हीच पंचाईत आहे. ती हट्टाने गेली असती तर मी निदान सुखाने चिडले असते.

कारण तुम्हीही राहिला होतात. सिंगापूरची ती फेरी कायमची बंद झाली, तुम्हाला हार्बरसमोरच्या ऑफिसात टेबल दिलं, आणि तुम्ही रोज संध्याकाळी घरी यायला लागलात. आईने नवीन पडदे शिवले होते. मला वाटलं, आता तो जिन्यापाशी उभा असलेला माणूस आम्हाला मिळेल. तुम्ही गॅलरीत बसायचात. पेपर वाचून झाला तरी हातात धरून बसायचात. जबडा दुखायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी बोलत नव्हतात. आई एकदा म्हणाली, जहाजावर होतात तेव्हा निदान पत्रं तरी यायची. तुमच्यातलं हसणं कुठल्याशा पेटीत साठवलेलं होतं आणि तुम्ही ते आमच्यापासून राखत होतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले. तसं नसेल. ते माणसांच्या गर्दीतच तयार होत असेल आणि तिथेच संपत असेल. हे समजून माझा राग कमी होत नाही, तेही सांगते. फक्त लेकीला घरी बसवून मला काय मिळेल, ते मी आधीच पाहिलेलं आहे. गॅलरीत पेपर धरून बसलेली एक बाई मिळेल.

म्हणून उद्या सकाळी मी तिला हो सांगणार आहे, आणि तोंड वाकडं करूनच सांगणार आहे. शाळेला मोठी सुट्टी लागली की पोर आणि मी त्या जहाजावर, हे कबूल करून घेणार आहे. फोन रोज, आणि आठ दिवसांनी डोळा कुठला हे विचारणं चालणार नाही. ती सगळ्याला हो म्हणेल आणि त्यातलं निम्मं पाळेल. उरलेलं मी पोरीला कसं समजावायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. आईलाही नव्हतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि लेकीच्या हाती लागू नये म्हणून मी ते फाडणारच आहे, तर एवढं लिहून टाकते. त्या थिएटरात मला राग आला हे खरं. पण त्याच्या आधी, ती माइक घेऊन पोरीसमोर वाकली तेव्हा, मला त्या आठ वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला. वाटलं, तुमच्या जहाजावर एकदा मीही त्या चटयांवर बसलेल्या माणसांत असते, आणि तुम्ही फिरत फिरत माझ्यापाशी येऊन, मला कधी पाहिलंच नाही असा चेहरा करून, माझं नाव विचारलं असतं. मी सांगितलं असतं. आडनाव मात्र सांगितलं नसतं, म्हणजे कुणाला कळलं नसतं.