धुऱ्यावरचं जांभूळ

चिमूर
ता. ६ जून २०२४

ती. आत्याबाईंस मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राच्या सुरुवातीलाच ओरडून सांगते, परवाना आला! काल दुपारी कागद हातात पडला आणि मी वाइनरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटीच नाचले. आमची गाडी चालवणाऱ्या विक्कीने ते बघितलं, आता तो सगळ्या चिमुरात सांगत फिरेल. तुमच्या गावात टेकडी चढल्याशिवाय फोन लागत नाही आणि तुम्ही टेकडी चढणार नाही, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती, रिकाम्या कॅरेटांबरोबर पाठवते आहे.

आता कामाचं. कॉलेजात सगळ्यांच्या तोंडी द्राक्षाची वाइन असायची, माझा डोळा मात्र तुमच्याकडच्या जांभळावर होता. मोठी टाकी एकच आहे आणि ती ह्याच हंगामात काठोकाठ भरायची आहे. अर्धवट राहिली तर वरच्या मोकळ्या जागेतली हवा रसाला लागते आणि सगळ्याचं व्हिनेगर होतं. चांगली नोकरी सोडून आले ती ह्या टाकीसाठी, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

जमिनीवर पडलेलं जांभूळ फुटतं, त्याला माती लागते. म्हणून जाळ्या पाठवल्या आहेत. झाडाखाली खाटेसारख्या ताणून बांधायच्या, आणि ज्याचं झाड असेल त्याच्या नावाची चिठ्ठी कॅरेटावर लावायची, म्हणजे कोणाचा माल कसा ते मला कळेल.

माया आहे तेवढी असू द्या, हंगामापुरती थोडी वाढवलीत तरी मी तक्रार करणार नाही.

तुमची,
मंजुषा

---

कुरखेड्याजवळून
ता. ८ जून

चि. मंजुषास रुखमाआत्याचे अ. उ. आ.

नाचलीस ते बरं केलंस. तुझा बाप स्वतःच्या वरातीतही खांबासारखा उभा होता.

आधी माझी अट ऐक. दारूबंदीसाठी आम्ही बाया गडचिरोलीपर्यंत पायी गेलो, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. जांभूळ हे फळ आहे, ते मी देईन आणि गावालाही द्यायला लावीन. पण वैनगंगेच्या ह्या अंगाला तुझी एक बाटली जरी दिसली, तर सगळ्यांत आधी मीच पोलीस पाटलाच्या दारात जाईन. भाचीबिची काही बघणार नाही.

जाळ्या बांधल्या. पोरांना वाटलं तू झाडांना मच्छरदाण्या पाठवल्यास. बापूरावांच्या धुऱ्यावरचं झाड सगळ्यांत मोठं, तिथूनच सुरुवात केली. बापूराव एवढे खूश की स्वतःच्या नावाची चिठ्ठी स्वतःच लिहीत बसले. दोन शेतांमधल्या त्या धुऱ्याच्या पलीकडचं शेत, ती धानाची बांधी, मुखरूभाऊची. तो बराच वेळ नुसता बघत उभा होता. मी चहाला हाक मारली तर म्हणाला की आज मले तल्लफ नाई, आणि निघून गेला. मुखरूला चहाची तल्लफ नाही, हे मी ह्या गावात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं.

वेळेवर जेवत जा. तुझ्यावर जीव आहे, तो आहेच.

तुझी आत्या

---

चिमूर
ता. ११ जून

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

रस काढला! काय रंग आहे म्हणून सांगू! टाकीत टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी फसफसायला लागला. मी टाकीला कान लावून ऐकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ऐकायला लावते. विक्कीचे हात कोपरापर्यंत जांभळे झालेत, त्याची आई त्याला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती.

एवढं काल लिहून ठेवलं होतं. आज विक्की रिकामी कॅरेटं घेऊन परत आला. गावाने जाळ्या सोडून ठेवल्या, आता जांभळं नाई, एवढंच त्याला सांगितलं म्हणे. आत्याबाई, टाकी निम्मीसुद्धा भरलेली नाही.

मुखरूभाऊंना राग आलाय असं विक्कीच्या कानावर आलं. तसं असेल तर सोपं आहे. निम्मं बापूरावभाऊंच्या नावावर लावू, निम्मं मुखरूभाऊंच्या. भांडण नको म्हणून वजनकाटाच पाठवते आहे. लगेच उत्तर द्या, मला काही सुचत नाही.

तुमची घाबरलेली,
मंजुषा

---

कुरखेड्याजवळून
ता. १२ जून

चि. मंजुषास अ. उ. आ.

तुझा काटा परत पाठवते आहे. तो तुझ्याकडेच ठेव.

झाड बापूरावांच्या आजाने लावलं हे खरं. पण ते धुऱ्यावर आहे. आमच्या इथी धुऱ्यावरच्या झाडाचं फळ ज्याच्या बांधीत पडेल त्याचं. बुंधा कोणाचा हे कोणी विचारत नाही. पहाटे बापूरावांची आशाबाई इकडून वेचते, मुखरूची ठमाबाई तिकडून, आणि वेचता वेचता दोघी मिळून साऱ्या गावाची उणीदुणी काढतात. तुझ्या जाळीने फळ खाली पडूच दिलं नाही. मग ते कोणाचं? तू चिठ्ठी लावून मोकळी झालीस की बापूरावांचं. गावातली निम्मी झाडं धुऱ्यावर आहेत, पोरी. एकेका झाडाखाली तू एकेक भांडण ताणून बांधलंस.

आणि निम्मं-निम्मं म्हणतेस, तेही जमायचं नाही. एक दिवस वारा असा सुटतो की सगळं मुखरूकडे जातं, दुसऱ्या दिवशी बापूरावांकडे. वाटणी वारा करतो म्हणून आजवर कोणी कोणाशी भांडलं नाही, वाऱ्यावर रुसून बसणार कोण? काटा आला की वाटणारा माणूस आला, आणि माणूस आला की संशय आला.

बापूराव स्वतः येऊन म्हणाले की बाई, मले नोको ती चिठ्ठी, मुखरू बोलून नाई राह्यला माह्याशी. तू माझी भाची म्हणून गाव मला काही बोलत नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. रविवारी रायपूरच्या व्यापाऱ्याचा टेम्पो येतो, एकदा त्यात जांभळं भरली की तुझी टाकी विसरायची. तोवर डोकं चालव.

रागावले आहे, पण आशीर्वादात काटछाट केलेली नाही.

तुझी आत्या

---

चिमूर
ता. १३ जून

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

इथे होत्या तेवढ्या सगळ्या जाळ्या कापल्या!

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग कात्री घेतली. विक्कीला वाटलं माझं डोकं फिरलं. नव्या कोऱ्या जाळ्या मधोमध कापल्या आणि कापलेल्या काठाला सुतळी ओवली. आता प्रत्येक झाडाखाली दोन जाळ्या बांधायच्या, आणि दोन्हींच्या सुतळ्या बरोबर धुऱ्यावर एकमेकींना चिकटून यायला हव्यात. अलीकडची बापूरावभाऊंनी स्वतः बांधावी, पलीकडची मुखरूभाऊंनी. फळ ज्याच्या जाळीत पडेल त्याचं. वाऱ्याच्या कामात मी पुन्हा लुडबूड करणार नाही. विक्की गावात सोडलेल्या जाळ्या उचलून आणेल, त्याही कापते.

चूक माझी आहे. न विचारता शहाणपणा केला. येऊन सगळ्यांसमोर सांगितलं असतं, पण रस फसफसतो आहे, त्याला एक दिवसही सोडता येत नाही. म्हणून हे पत्र देवळासमोर मोठ्याने वाचा. तुमचा आवाज तसाही कुरखेड्यापर्यंत जातो.

गावाने नाही म्हटलं तरी तुम्ही मला टाकू नका.

तुमची,
मंजुषा

---

कुरखेड्याजवळून
ता. १६ जून

चि. मंजुषास अ. उ. आ.

पत्र वाचलं. मधे मधे माझ्या पदरच्या दोन-चार शिव्या तुला घातल्या, त्यामुळे लोकांना ते जास्त पटलं. आवाजाबद्दलचं वाक्य गाळलं.

मग मुखरू उठला, जाळीचा काठ हातात घेऊन बघितला आणि म्हणाला की पोरीनं सुतळी तं बराबर ओवली. जाळी खांद्यावर टाकून तो धुऱ्याकडे निघाला आणि मागोमाग सगळे उठले.

पहिल्याच पहाटे काय झालं असेल? वारा असा सुटला की सगळी जांभळं मुखरूकडे! बापूरावांच्या जाळीत पानं आणि एक सरडा. साऱ्या गावाचे डोळे त्यांच्या तोंडाकडे. बापूराव जे हसत सुटले ते थांबेचनात. म्हणाले की सरड्याच्या कॅरेटावर माह्या नावाची चिठ्ठी लावा. मुखरूही हसला, आणि घरी येऊन माझ्याकडे दोन कप चहा प्याला.

व्यापाऱ्याचा टेम्पो आज आला तसा रिकामा गेला. आभाळ भरून आलंय. पाऊस पडला की जांभूळ पाणचट होतं, म्हणून उद्या लेकरंबाळं धरून सगळे झाडाखाली असू. विक्कीला दोन फेऱ्या करायला सांग. टाकी भरल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

तुझी आत्या

---

चिमूर
ता. १८ जून

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

लिहिते आहे! भरली! काठोकाठ! झाकणही लावलं. तुम्ही इथे असतात तर मी तुम्हाला उचलून घेतलं असतं, आणि तुम्ही मला एक ठेवून दिली असती.

विक्कीने सगळं सांगितलं. काल शेवटच्या कॅरेटावरून पुन्हा भांडण झालं म्हणे. वाऱ्याने काही जांभळं बरोबर सुतळीवर, दोन्ही जाळ्यांच्या मधल्या खोलगट जागेत जमा केली होती. मुखरूभाऊ म्हणत होते ती बापूरावाची, बापूरावभाऊ म्हणत होते मुखरूची. कोणी कोणाला चिठ्ठी लिहू देईना, गाडी अडून राहिली. शेवटी तुम्ही ओरडलात तेव्हा विक्कीने ते बिननावाचंच गाडीत चढवलं.

ते कॅरेट टाकीत मावलं नाही, आत्याबाई. मी आणि विक्की शेडच्या पायरीवर बसलो आणि खाल्लं. खाता खाता मला रडू फुटलं, त्याच हातांनी डोळे पुसले, आणि आता माझं तोंड बघण्यासारखं झालंय. तेव्हा ती जांभळं कोणाची ते एकदाचं ठरवा. आणि ज्याची ठरतील त्यांना सांगा की मंजुषाने ती टाकीत घातलीच नाहीत, खाऊन टाकली, आणि तेवढी गोड जांभळं तिने आजवर खाल्ली नव्हती.

तुम्हा सगळ्यांच्या मायेत मला अशीच राहू द्या.

तुमची जांभळ्या तोंडाची,
मंजुषा