उसाचं पाणी झाडांना देऊ नये

मी, साळूबाई भिमाजी ढवळे, वय वर्षे बहात्तर, धंदा शेती, राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी हृदय मोठे झाल्याचे सांगितले, डोक्याबद्दल ते काही बोलले नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग मात्र माझा आहे, आणि तो कोणावर हे खाली येईलच.

१. नदीकाठचे उसाचे रान मुलगा विश्वजीत यास द्यावे. ऊस तेवढा त्याला जमतो.

२. बोरमाळ आणि पितळी भांडी मुलगी सविता, राहणार दौंड, हिला द्यावीत. शिलाई मशीन सून मोनालीला. तिचा दोष एवढाच, की ती नवऱ्यापुढे गप्प बसते.

३. घरामागचे परसू. इथे जरा सविस्तर लिहिते. परसात माझ्या मालकांनी लावलेली चिंच होती. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सविताकडे गेले, तेवढ्यात विश्वजीतने ती वखारवाल्याला विकली. पट्टी सोडून परत आले तर परसात नुसते ऊन. मला म्हणतो, "आई, चिंचंखाली काय पिकत न्हाई. जागा मोकळी झाली." याचा पाळणा त्याच चिंचेला टांगलेला होता. त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर जेवायला बसलेले नाही.

त्या जागी मी नवी चिंच, कवठ आणि कडेने जास्वंदी लावल्या. मध्ये आजारी पडले, तर याने मोटर चालू करून उसाला देतात तसे पाट भरून पाणी सोडले आणि वर मूठमूठ युरिया टाकला. सगळी रोपे करपली. वर मलाच विचारतो, "एवढं खाऊ घातलं तरी मेली, मंग मी काय करू?" माझ्या हाताशी तेव्हा काठी असती तर एवढे लिहावे लागले नसते.

यंदा आषाढात तीच झाडे पुन्हा लावली आहेत. त्यांचा पहिला उन्हाळा मला काही दिसत नाही. म्हणून परसू विश्वजीतला अटीवर देते. हिवाळ्यात पाणी बेताचे द्यावे, तेही सकाळी. होळीच्या आधी बुडाभोवती उसाच्या पाचटाचा थर द्यावा, पण खोडाला चिकटू देऊ नये, वाळवी लागते. दरवर्षी सगळे पाचट पेटवून देतोस, त्यातले दोन भारे आईसाठी बाजूला ठेव. उन्हाळ्यात आळे खोडापासून लांब करावे आणि मावळतीच्या बाजूने तट्ट्याची सावली धरावी. पाऊस लागला की आळे फोडावे, पाणी तुंबू देऊ नये. काठीला बांधलेली सुतळी सैल करावी, नाहीतर ती खोडात रुतते. युरियाचे पोते परसात दिसता कामा नये.

दुसरा उन्हाळा काढून झाडे जगली तर परसू त्याचे, नाहीतर सविताचे. निवाडा शेजारच्या सोजरबाईंनी करावा. त्या माझ्याशीही भांडतात, म्हणजे खरे बोलतील.

४. माझी राख. हल्ली लोक ती झाडाच्या बुडात घालतात. विश्वजीतही तेच करायला निघेल, कारण नदीवर जावे लागत नाही. करू नये. कोवळ्या मुळांना राख सोसत नाही. मडक्यात भरून, तोंडाला फडके बांधून, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवावी. लोक म्हणतील, असले मडके घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. विश्वजीतने त्यांना सांगावे, टांगायचे झाड मी विकून खाल्ले.

तिसऱ्या पावसाळ्यात चिंच उभी असेल तर राख तिच्या भोवती लांबून पसरावी. नसेल, तर मडके फळीवरच राहू द्यावे. विश्वजीत जेवायला बसतो, त्याच्या बरोबर समोर.

हे मी स्वतः लिहिले, साक्षीदारांपुढे वाचले आणि त्यांच्यासमोर सही केली. अक्षर वाकडे आहे, तरी सही माझीच आहे.

साळूबाई भिमाजी ढवळे

साक्षीदार:
१. पोपट गेनू साठे
२. भैरू रामा ढवळे

ठिकाण: वडगाव रासाई
तारीख: १४ नोव्हेंबर २००४